नाव न लिहिलेली कॅसेट

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. वर धरायला मूठ, पुढे सहा बटणं आणि आत एकच कॅसेट मावेल एवढी जागा. आमच्या घरातला शेवटचा साधा दिवस मंगळवार होता. तिथूनच सुरुवात करतो.

त्या सकाळी बाबांनी माझं झाकण उघडलं, काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवला आणि माझे हेड पुसले. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही म्हणतो. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. काचा घासण्यात हयात गेलेली, त्यामुळे हात फार हलका. मुलगी दोन दिवसांसाठी आली होती. ती दुसऱ्या गावी नोकरी करते. समोरच्या खुर्चीत पेपर वाचत बसली होती.

"ठमाबाई," बाबा म्हणाले. ती बेचाळीस वर्षांची झाली तरी तिला ते हेच म्हणत. "पोस्टमास्तरला पत्र टाकावं म्हणतो."

पेपर खाली आला नाही. "आज एकदम?"

"एकदम कुठे? एकतीस वर्षं झाली. माझा गुडघा गेला, त्याचंही काहीतरी गेलंच असेल. नेली तर नेली कॅसेट. निदान जपून तरी ठेवली असेल गाढवानं."

"बाबा."

"काय?"

तिनं पेपराची घडी घातली, मग ती घडी पुन्हा मोडली. "काही नाही. चहा टाकू?"

"टाक की. विचारतेस काय?"

मित्रांनो, पोस्टमास्तरांनी कॅसेट नेली नव्हती. हे मला ठाऊक होतं आणि तिलाही ठाऊक होतं. आम्हा दोघांपैकी बोलता एकालाच येत होतं.

आता मागचं सांगतो. कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर, ओळीनं बसलेल्या बायकांच्या हातांखाली मी जुळत गेलो. शेवटच्या बाईनं माझ्यात कॅसेट घालून तपासली आणि मान हलवली. ती माझी पहिली शाबासकी. बाबांनी मला लग्नाच्याही आधी घरी आणलं, ते एका गाणाऱ्यासाठी. तो नावाड्यांची, मेंढपाळांची जुनी गाणी गिटार आणि ड्रमवर गायचा. बाबा आणि त्यांचे मित्र त्याला नुसतं 'दाढीवाला' म्हणत. त्याच्या ज्या कॅसेटी दुकानात मिळत त्यांत बाबांना फारसा रस नव्हता. "ते काय, सगळ्यांकडे असतं," असं ते म्हणायचे. त्यांना हवं असायचं ते न निघालेलं: सरावाच्या वेळी अर्धवट सोडलेलं गाणं, रेडिओवर एकदाच वाजलेली मुलाखत, कुणाच्या तरी गच्चीवरची मैफल. असं वेड असलेली वीसेक माणसं गावोगावी होती. एकमेकांना पत्रं लिहून ती देवाणघेवाण करत. ज्याला कॅसेट हवी त्यानं एक कोरी कॅसेट आणि पत्ता लिहिलेलं पाकीट पाठवायचं. दुसऱ्यानं नक्कल करून परत धाडायची, सोबत चिठ्ठी: 'आवाज बरा, दुसऱ्या बाजूला खरखर, मधेच कुत्रा भुंकतो, त्याला माफ करावे.' नक्कल करायला दोन यंत्रं लागत. बाबा दुसरं यंत्र शेजाऱ्यांकडून मागून आणायचे.

"घरात माणसं तीन आणि दाढीवाले दीडशे," आई म्हणायची.

त्या वीस जणांत पोस्टमास्तर बाबांना सगळ्यांत जवळचे. खरं तर ते मास्तर नव्हतेच, टपालखात्यात साधे कारकून होते. पण टपालानं इतक्या कॅसेटी पाठवायचे की बाबांनीच त्यांना बढती देऊन टाकली.

एका संध्याकाळी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत दाढीवाला गायला. चाळीसेक खुर्च्या होत्या, त्यांतल्या एकीवर मी. शेवटी तो म्हणाला, "एक गाणं आहे. पुरतं झालेलं नाही. परत म्हणेन असंही नाही." त्यानं ते म्हटलं, आणि पुढे खरंच कधी म्हटलं नाही. सव्वाचार मिनिटं, नव्या कॅसेटच्या अगदी सुरुवातीला. मधे तिसऱ्या रांगेत कुणीतरी खोकलं. त्या खोलीत टेप करणारा मी एकटाच होतो. मित्रांनो, तेवढा अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.

घरी येऊन बाबांनी त्या कॅसेटच्या पाठीवरचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडून काढले. ते मोडले की माझं टेप करायचं बटण खाली जातच नाही, मग चुकूनही काही पुसलं जात नाही. बाकी प्रत्येक कॅसेटवर बाबा बारीक अक्षरात नाव, तारीख, ठिकाण लिहायचे. हिच्यावर मात्र त्यांनी काहीच लिहिलं नाही. घरी येणारा प्रत्येक जण फळीवरची नावं वाचायचा आणि जे दिसेल ते मागायचा. नाव नसलं की कुणी मागणार नाही, असा त्यांचा हिशेब. सगळ्यांत मोलाची कॅसेट सगळ्यांत टाकाऊ दिसत होती.

पोस्टमास्तर तिची नक्कल घ्यायला स्वतःचं यंत्र घेऊन दोन दिवस मुक्कामाला आले. त्यांच्या यंत्रानं पहिल्याच दिवशी एक साधी कॅसेट चावून तिची गुंडाळी केली. बाबा घाबरले. "तुझं हे यंत्र शेळीच्या जातीचं आहे," ते म्हणाले. "पुढच्या वेळी बघू." पोस्टमास्तर हसत हसत रविवारी संध्याकाळी गेले.

सोमवारी मुलगी शाळेतून लवकर आली. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती आणि तिला आपलं भाषण ऐकून बघायचं होतं. फळीवर सगळ्या कॅसेटींना नावं. नाव नसलेली एकच. तुकडे मोडलेले होते, पण त्या खाचांवर चिकटपट्टी लावली की काम होतं, हे तिनं बाबांनाच करताना पाहिलं होतं. तिनं तसंच केलं आणि माझी दोन बटणं एकदम दाबली.

माझ्या आत दोन हेड आहेत. टेप आधी पुसणाऱ्या हेडसमोरून जाते, मग लिहिणाऱ्या हेडसमोरून. बटण दाबलं गेल्यावर थांबणं माझ्या हातात नसतं. मी ते गाणं ओळखत होतो. पहिली ओळ गेली, दुसरी गेली, तो खोकला गेला. ती स्वच्छ आवाजात 'वेळेचे महत्त्व' या विषयावर बोलत होती, आणि मी नीट, खरखर न करता, ती सांगेल ते करत होतो.

भाषण चार मिनिटांत संपलं. तिनं टेप मागे नेऊन ऐकली. एका शब्दावर अडखळली होती, तो तिनं दोनदा म्हणून पाहिला. मग भाषण संपलं आणि त्याच्या मागून गाण्याच्या शेवटच्या दोन ओळी आल्या, आणि टाळ्या. ती उभीच्या उभी राहिली. हे गाणं तिनं बाबांच्या मांडीवर बसून ऐकलं होतं. तिनं कॅसेट काढून दप्तरात टाकली. नंतर ती कॅसेट मी कधीच पाहिली नाही.

गुरुवारी बाबांनी सगळ्या फळ्या रिकाम्या केल्या. मुलगी टेबलाशी गणितं सोडवत होती.

"रविवारी तो इथेच बसला होता," बाबा म्हणाले.

"अहो, तो माणूस चहाची कपबशीसुद्धा विसळून ठेवतो," आई म्हणाली. "तो चोरी करेल?"

"कॅसेटवाल्यांचं तुला नाही कळायचं. त्याच्या जागी मीसुद्धा नेली असती."

पोस्टमास्तरांना त्यांनी काही विचारलं नाही. विचारायची त्यांना लाज वाटली. फक्त पत्रांना उत्तर देणं बंद केलं. पत्रं वर्षभर येत राहिली, मग थांबली. स्पर्धेत मुलीला दुसरं बक्षीस मिळालं. बाबांनी शाळेत जाऊन टाळ्या वाजवल्या.

पुढे मुलगी कॉलेजात गेली आणि तिलाही दाढीवाल्याचं वेड लागलं. ती सगळ्यांना पत्रं लिहू लागली, अनोळखी लोकांच्या घरी जाऊन जुनी खोकी उघडू लागली. नव्या-नव्या कॅसेटी यायच्या. "माझं वेड हिच्यात उतरलं," बाबा येईल त्याला सांगायचे. ती कशाच्या मागे लागली होती ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी खोलीत आणखी कुणी टेप करत होतं का, एवढं एकच तिला हवं होतं. कुणीच करत नव्हतं. मी तिथे होतो, मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

मग आई गेली. गाणी फोनवर आली. शेजारीपाजारी मला बघून म्हणायचे, "अजून ठेवलाय हा डबा?" बाबा मात्र दर मंगळवारी माझे हेड पुसत. माझा आतला रबरी पट्टा सैल झाला, दाढीवाल्याचा आवाज जरा जड यायला लागला. बाबा म्हणायचे, "त्याचंही वय झालं."

त्या मंगळवारी चहा झाला, गप्पा झाल्या, ती संध्याकाळच्या गाडीनं गेली. बुधवारी दुपारी दुकानात, काच घासता घासता बाबा खाली बसले ते उठले नाहीत. पत्र लिहायचं राहिलं.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रं जपा, एवढंच सांगून मी थांबणार होतो. कापूस वापरा, धूळ बसू देऊ नका, कॅसेटवर नाव लिहा. पण मला तर आयुष्यभर जपलं गेलं, आणि तरीही मी काही वाचवू शकलो नाही. माझ्यात जे भरलं जातं तेच मी बोलतो. तुमचं तसं नाही. तेव्हा, जे सांगायचं असेल ते ऐकणारा माणूस समोर आहे तोवर सांगून टाका.

पोस्टमास्तरांना मुलीनं कळवलं. पंधरा दिवसांनी ते आले. काठी टेकत, चपला दाराशी सरळ लावून. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. फळ्यांकडे बघून म्हणाले, "केवढं वाढवलं हे. मला वाटलं होतं, कंटाळून सोडलं असेल."

"पाणी घ्या, काका."

ते पाणी प्यायले आणि त्यांनी भांडं हातातच धरून ठेवलं. "ठमाबाईच ना तू? एक विचारू? आता विचारून उपयोग नाही, पण तरी. माझं काय चुकलं होतं? मी खूप आठवून पाहिलं. शेवटी आलो तेव्हा त्याच्या यंत्राला शेळी म्हणालो की तो माझ्या यंत्राला म्हणाला, तेही आता नीट आठवत नाही. त्यावरून रागावला का?"

"नाही."

"मग? तुला कधी बोलला का तो?"

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. त्यांच्या हातातलं भांडं तिनं घेतलं. मला वाटलं, आता ही चहाचं विचारणार.

"एक कॅसेट हरवली होती, काका," ती म्हणाली. "बाबांना वाटलं, तुम्ही नेली. तुम्ही नव्हती नेली. ते गाणं मी पुसलं. मला माहीत होतं, आणि मी त्यांना तसंच वाटू दिलं. एकतीस वर्षं."