झांजेखालचं नाव

"मामा, तू नगराध्यक्षांचं नाव घेतलंस की नेमकी तेव्हाच बाबांची झांज का वाजते?"

हे विचारून दाखव म्हणून मैत्रिणी महिनाभर मागे लागल्या होत्या. शेवटी कार्यक्रम संपून प्रेक्षकांचे प्रश्न सुरू झाले आणि मी उठून विचारलंच. माझा आवाज मुळात माइकला लाजवणारा.

उत्तर आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मामा स्टेजवर विनोद सांगतो, बाबा मागे ड्रम आणि त्यावरची झांज वाजवतात. सभागृह नगरपालिकेचं, तेव्हा नाव घेतलं तर पुढची तारीख मिळणार नाही, ही आईची भीती. नाव गाळलं तर मी कलावंत कसला, हा मामाचा हट्ट. मग तोडगा निघाला. मामाने नाव खणखणीत घ्यायचं आणि बाबांनी त्यावर त्याहून खणखणीत झांज मारायची. मामाची इभ्रत शाबूत, आईचा जीव भांड्यात.

गंमत म्हणजे पहिल्या रांगेत खुद्द नगराध्यक्ष दोन तास पोट धरून हसत होते. मध्येमध्ये शेजाऱ्याला विचारत होते, विनोदातला हा इसम नक्की कोण.

माझ्या प्रश्नावर मामाने "त्याचं असं आहे" म्हणून तोंड उघडलं, आणि बाबांनी घाबरून झांज हाणली. लोक लोळायचे तेवढे बाकी राहिले.

नगराध्यक्षांच्या डोक्यात मात्र आता प्रकाश पडला. ते म्हणाले, मघाचा तो रस्त्याचा विनोद झांजेशिवाय होऊन जाऊ दे. मामाने दाराशी उभ्या आईकडे पाहिलं आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. त्याचं पाणी काही संपेना. मला राहवेना. विनोद तर मला झोपेतही पाठ.

जागेवरूनच, नाव घेऊन, मी सांगितलं, "यांनी आमच्या रस्त्याचं तीनदा उद्घाटन केलं. चौथ्यांदा निघाले, पण खड्ड्यांमुळे पोचलेच नाहीत."

टाळ्या थांबेचनात. नगराध्यक्ष उठले. सभागृह दुरुस्तीसाठी बरेच महिने बंद ठेवावं लागेलसं दिसतंय, एवढंच व्यवस्थापकांना सांगून निघून गेले.

घरी आई डोक्याला हात लावून बसली. कार्टीने पोटावर पाय आणला, असं बाबांचं म्हणणं. मामा मात्र पुटपुटला, की एवढा हशा त्याला वर्षभरात मिळाला नव्हता.

"आई, बाबा, पुढचा कार्यक्रम आपल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये," मी म्हटलं. "पहिली दहा मिनिटं माझी. शाळा बुडवणार नाही. पण मी विचारत नाहीये, सांगतेय."