सायरन होईपर्यंत

रेशीम सोवळ्यात चालतं, धाबळी चालते, मग शंभर टक्के लोकरीचा मफलर का चालत नाही ते गिरीशने सांगावं, असं म्हणून सुप्रभाने मफलरचं टोक पाठीवर टाकलं आणि वड्यांचं पीठ मळायला घेतलं.

पहाटेचे पाच वाजत होते. २००७च्या सप्टेंबरातला शेवटचा शनिवार. बर्मिंगहॅममधल्या त्या घराच्या चारही शेगड्या पेटलेल्या, खिडक्यांना वाफ धरलेली. आज पितृपक्षातली तृतीया, म्हणजे नानांची, सुप्रभाच्या वडिलांची, तिथी. आणि आजच, तिकडे मेलबर्नमध्ये, जिलाँगची फायनल.

"ताई, अगं त्याच्यावर तुमच्या त्या टीमच्या मांजराचं चित्र आहे." गिरीश दारातच अडून होता. आंघोळ करून, पंचा नेसून, कुडकुडत. "श्राद्धाच्या स्वयंपाकात मांजर?"

"ऋषिमुनींना वाघाचं कातडं चालतं ना? मग हेही चालेल. त्याच घराण्यातलं आहे."

गिरीशला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. काल संध्याकाळी तो क्रॉयडनहून ट्रेनने आला होता तो एकुलता मुलगा म्हणून, श्राद्ध करायला. ताईच्या विनोदांना हसायला नव्हे.

हे जिलाँग प्रकरण कुठून आलं ते सांगायला हवं. नाना लोकरीतले इंजिनियर. साठ सालानंतर स्कॉलरशिप मिळून ते बायको-मुलीसह ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग गावी गेले, लोकर धुण्या-पिंजण्याचं शास्त्र शिकायला. त्या गावात शेजारी तुमचं नाव नंतर विचारत, आधी विचारत की फुटबॉल बघता ना? आणि उत्तराची वाट न बघता शनिवारी ग्राउंडवर घेऊन जात. हे फुटबॉल आपलं नव्हे. चेंडू अंड्यासारखा, मैदान क्रिकेटचं, खेळाडू माकडासारखे एकमेकांच्या खांद्यांवर चढतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण, आणि नेम चुकून बाजूच्या खांबाकडून गेला तरी एक गुण. चुकणाऱ्यालाही काहीतरी देणारा हा खेळ नानांना पहिल्याच दिवशी आवडला. कोकणातून आलेला, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेला तो माणूस निळे-पांढरे आडवे पट्टे बघून घसा फुटेस्तोवर ओरडायला लागला, आणि त्याच्या मांडीवर बसून सुप्रभाही.

त्रेसष्ट सालच्या ऑक्टोबरात जिलाँग फायनलला पोचलं. नाना मेलबर्नला मॅच बघायला गेले. चारपैकी तीन क्वार्टर झाले, आपली टीम पुढे होती, आणि मधल्या सुट्टीत त्यांनी सार्वजनिक फोनवरून हॉस्पिटलला विचारलं, तर कळलं की बायकोला कळा सुरू झाल्यात, दिवस भरायला तीन आठवडे असताना. नाना तसेच निघाले. परतीच्या गाडीत त्यांच्या डब्यात दुसरं माणूस नव्हतं, सगळा मुलूख ग्राउंडवर होता. हॉस्पिटलच्या दारात नर्सने आधी सांगितलं की आपण जिंकलो, आणि मग सांगितलं की मुलगा झाला.

तो मुलगा गिरीश.

"मॅच संपल्याचा सायरन तेवढा ऐकायचा राहिला," नाना म्हणत. "पुढच्या वर्षी ऐकू."

पुढचं वर्ष आलंच नाही. मंडळी ठाण्याला परतली. नाना दर शनिवारी सकाळी शॉर्टवेव्हच्या रेडिओला कान लावून बसत आणि त्या खरखरीतून स्कोअर वेचत, तांदळातून खडे वेचावेत तसे. जिलाँग सदुसष्टला फायनल हरलं. एकोणनव्वदला हरलं. मग ब्याण्णव, चौऱ्याण्णव, पंच्याण्णव. पंच्याण्णवला तर सुप्रभाने इथून फोन करून सांगितलं होतं, आणि नाना तिकडून तिचीच समजूत घालत होते. "आपण सोडायचं नाही हो, सुप्रू. जिंकल्यावर काय, कुणीही येतं." दोन हजार तीनला ते गेले. चव्वेचाळीस वर्षांचा दुष्काळ, आणि त्यातली चाळीस त्यांची.

हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टरबाई म्हणून सुप्रभाला सगळे ओळखत, आणि अधूनमधून कुणीतरी विचारी, की बर्मिंगहॅममध्ये दोन-दोन टीम असताना हे काय भलतंच? ती म्हणे, "आमच्या घराण्याचा आजार आहे. औषध नाही." आणि पेशंटच्या तोंडावर मास्क ठेवी.

महिन्यापूर्वीच तिने गिरीशला फोन केला होता. "श्राद्ध सर्वपित्रीला करू. त्या दिवशी सगळ्यांचंच चालतं."

"नाही ताई, तिथी म्हणजे तिथी. ज्ञानेश्वर गुरुजींचा स्लॉट ऑलरेडी बुक केलाय. सकाळी सात."

"सातला श्राद्ध? दुपारी असतं ना रे?"

"त्यांना पुढे स्लाउला एक आहे, मग घरी. वीकेंडलाच जमतं त्यांना, आठवडाभर ब्रॅकनेलला ऑफिस असतं. आणि एका खेळासाठी नानांची तिथी हलवायची?"

"एका खेळासाठी नाही. नानांसाठी."

गिरीशने फोन ठेवला होता. सुप्रभानेही मग दुसरा फोन लावला, आणि एका महिन्यापुरतं सॅटेलाइटचं स्पोर्ट्स चॅनल घेतलं.

साडेपाचला मॅच सुरू झाली तेव्हा खीर उकळत होती. सुप्रभा किचन आणि फ्रंट रूम यांच्यामध्ये विणकराच्या धोट्यासारखी फिरली. पहिल्या क्वार्टरला भाज्या झाल्या. दुसऱ्याला आमटी, चटण्या, वडे. हाफ टाइमला जिलाँग पन्नासच्या वर गुणांनी पुढे होतं. तिने गॅस बंद केले, सगळं झाकून ठेवलं, हात धुतले आणि सेटीवर येऊन बसली ती बसलीच.

सातला बेल वाजली. ज्ञानेश्वर गुरुजी म्हणजे तिशीतला हसरा माणूस, सोवळं रकसॅकमध्ये आणि दर्भ सँडविचच्या डब्यात. फ्रंट रूमशिवाय श्राद्धाला जागा नव्हती. गुरुजींनी पाट मांडले, तीळ काढले, पळी-भांडं ठेवलं, आणि पळी ठेवता ठेवता त्यांची नजर वर टीव्हीकडे गेली.

"हे रग्बी का?"

"नाही."

"मग सॉकर?"

"गुरुजी, श्राद्धाला बारसं म्हटलं तर कसं वाटेल तुम्हाला?"

"सॉरी, ताई." गुरुजी पुन्हा तीळ मोजल्यासारखे खाली बघू लागले. पण कुणीतरी कुणाच्या पाठीवर गुडघा रोवून हवेतून चेंडू काढला, तसे ते "अरे बाप रे!" म्हणाले.

साडेसात वाजत आले. तीन क्वार्टर संपले. जिलाँग नव्वदच्या आसपास पुढे. समोरच्या टीमची, पोर्ट ॲडलेडची, पोरं कंबरेवर हात ठेवून नुसती उभी होती.

"झालं ना आता?" गिरीश म्हणाला. "नव्वद गुण म्हणजे काय राहिलं? बंद कर. संकल्प सोडायचाय."

"अजून एक क्वार्टर आहे."

"अगं, जिंकले ते!"

"जिलाँगवाले सायरन होईपर्यंत जिंकत नसतात. तुला काय माहीत आम्ही कुठकुठून हरलोय ते."

"ताई, साडेसातला सुरू केलं तर नऊला आटपतं," गुरुजी हळूच म्हणाले. "अकराला स्लाउ…"

"तुम्ही करा ना सुरू. पान मात्र मी वाढणार, आणि मी आता उठणार नाही."

गिरीशने रिमोट उचलला.

"खाली ठेव तो."

"काय लावलंयस तू? वडिलांचं श्राद्ध, आणि घरात कॉमेंट्री! लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? मी, तू आणि गुरुजी. गुरुजी, तुम्ही काही म्हणताय का?"

गुरुजींनी मान जोरात हलवली. ते काहीही म्हणत नव्हते.

"तुला खेळाचं कौतुक," गिरीश म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम चिरकला. त्रेचाळीस वर्षांचा, पंचा नेसलेला, हातात रिमोट घेतलेला माणूस. "मला विचार. दर वाढदिवसाला नाना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, 'आणखी एक वर्ष झालं.' मला वाटायचं माझं वय मोजतायत. मी आठवीत गेल्यावर मला कळलं, ते क्लबचं मोजत होते. माझा जन्म म्हणजे काय, तर त्यांचा चुकलेला सायरन! अख्खं बालपण मी या फालतू क्लबची तारीख म्हणून काढलंय."

सुप्रभाने पहिल्यांदाच टीव्हीवरून नजर काढून भावाकडे बघितलं. हे त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं. तिनेही कधी विचारलं नव्हतं. ती नानांच्या मांडीवर बसलेली होती, आणि तिथे दुसऱ्याला जागा आहे का हे बघायचं तिला सुचलंच नव्हतं.

"गाढवा," ती म्हणाली, "ते दोन्ही मोजत होते."

"तू म्हणणारच."

"म्हणणारच. एक लाख माणसं बसली होती त्या ग्राउंडवर, गिऱ्या. उठला एकच. त्यांच्या जिवाचं जे काही होतं ते समोर चाललं होतं, जिंकत होते, आणि ते टाकून ते कुणासाठी उठले? तुला वाटतं त्याची त्यांना हळहळ होती? ते ती गोष्ट फुशारकीने सांगायचे. 'माझा मुलगा फायनललाही थांबला नाही,' असं."

गिरीशने रिमोट या हातातून त्या हातात घेतला.

"ते उठले ते बरोबरच केलं," सुप्रभा म्हणाली. "पण त्यांना एकदाच उठायचं होतं, ते उठून झालं. आज या घरातलं कुणीही उठणार नाही. तुला मंत्र म्हणायचे तर म्हण, गुरुजींना जायचं तर जाऊ देत, श्राद्ध बुडालं तर माझ्या डोक्यावर पाप. मी बसणार."

रिमोट गिरीशच्या हातात अजून होता. त्याने तो पाटावर ठेवला, दर्भाच्या शेजारी. मग पंचा सावरत सेटीच्या टोकाला टेकला, अगदी टोकाला, कुणी म्हणायला नको की बसला.

पाच मिनिटांनी त्याने विचारलं, "त्याने मारला तो बाजूने गेला. मग हे नाचतायत का?"

"चुकला तरी एक मिळतो."

"हा काय नियम झाला?"

"नानांना विचार."

गुरुजी एव्हाना पाटावरून सरकत सरकत कार्पेटवर आले होते. त्यांनी बॅगेतून मोबाइल काढला आणि बाहेर पॅसेजमध्ये जाऊन स्लाउला कळवलं की इकडे विधी जरा मोठा आहे. खोटं नव्हतं ते.

शेवटच्या मिनिटांत फरक शंभरच्या पुढे गेला. एकशेसात. एकशेतेरा. सुप्रभा ओरडली नाही. मफलरची दोन्ही टोकं मुठीत घट्ट धरून ती बसली होती, ऑपरेशन चालू असताना मॉनिटरकडे बघत बसायची तशी. स्टँडमधल्या म्हाताऱ्यांवर कॅमेरा फिरत होता. निळे-पांढरे मफलर, तोंडं वाकडी करून रडणारे सत्तरी-पंच्याहत्तरीचे बाप्ये.

आणि सायरन झाला.

लांबलचक, भोंग्यासारखा, जरा बेसूरच. एकशेएकोणीस गुणांनी. गिरीश कधी उभा राहिला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. सुप्रभाने त्याचा हात धरून त्याला खाली ओढलं.

"बस. कप द्यायचाय अजून."

"ताई, आता मात्र…" गुरुजींनी घड्याळाकडे बघितलं.

"बसा हो, गुरुजी," गिरीश म्हणाला. नाक पुसायला रुमाल नव्हता म्हणून त्याने पंचाचं टोक घेतलं. "स्लाउचे पितर थांबतील. त्यांना कुठे गाडी पकडायचीय?"

मग पदकं झाली, भाषणं झाली, कुणीतरी कुणाचे आभार मानले. कॅप्टनने कप वर उचलला, आणि त्याभोवतीच्या पोरांनी असा काही दंगा केला की इकडे समईची ज्योत हलल्यासारखी वाटली. सुप्रभाने तो सगळा बघितला. कागदाचे तुकडे उडायचे थांबेपर्यंत बघितला.

मग ती उठली. गुडघे कडकडले. टीव्ही तिने स्वतःच्या हाताने बंद केला, केळीची पानं आणायला किचनकडे वळली आणि दारातून गुरुजींना म्हणाली,

"हं, आता बोलवा नानांना. मघाशी बोलावलं असतंत तर आले नसते."