चालमावशीची शेवटची फेरी

“हा बघा, हाही उजवाच,” साहेबांनी बूट टेबलावर आपटला. परत आलेल्या बुटांचा ढीग खिडकीपर्यंत पोचला होता. प्रत्येकासोबत एकच तक्रार होती: तासभर चाललं की उजवा बूट पाय बाहेर ढकलतो.

मशीनवाले भाऊ खाली मान घालून उभे होते. थरावर थर चढवून बूट छापणारी सहाही यंत्रं त्यांच्याच हाताखाली होती. “मशीन बरोबर आहे साहेब. मी तीनदा तपासलं.”

“नाचता येईना, अंगण वाकडं! मशीन बरोबर, माल बरोबर, मग काय गिऱ्हाइकांचे पाय वाकडे? संध्याकाळी किल्ल्या द्या आणि उद्यापासून येऊ नका.”

कोपऱ्यातल्या बाकावर नमुन्याचा बूट चढवत चालमावशी हे ऐकत होती. कारखान्यात तिचं काम एकच, चालणं. हे बूट साधे नव्हते. भार पडेल तिथे सोल घट्ट व्हायचा, बाकी सैल पडायचा, आणि घालणाऱ्याच्या पायासारखा आकार घ्यायचा. पण कोऱ्या बुटाला आधी चालणं शिकवावं लागे. नवा नमुना घालून मावशी त्या लांबलचक दालनात शंभर फेऱ्या मारी. सोल तिचं पाऊल टिपून घेई आणि तीच चाल पुढे हजारो जोड्यांत उतरे. “अर्धं गाव माझ्या पायांनी चालतं,” असं ती अकरा वर्षं लेकीला सांगत आली होती. त्यात फुशारकी होती, पण खोटं काही नव्हतं.

सहा महिन्यांपूर्वी जिना उतरताना उजव्या गुडघ्यात कळ आली, ती गेलीच नाही. लेक म्हणाली होती, “आई, सांगून टाक ना तिथे.”

“आणि काय करू? चालायचा पगार घेते मी, बसायचा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

मग तिने कंबर ताठ ठेवून, हसतमुखाने चालायची सवय केली. माणसं फसली. बुटाला काही चेहरा दिसत नाही. त्याने तिचं लंगडणं निमूट टिपून घेतलं. पहिली जोडी परत आली तेव्हाच तिने सोल अंगठ्याने दाबून पाहिला होता आणि काय ते समजली होती. तीन आठवडे ती गप्प राहिली. आता भाऊंची खाली गेलेली मान पाहून तिला स्वतःची शरम वाटली. मावशीला फोड येऊ नयेत म्हणून नमुन्याच्या प्रत्येक बुटाची कड हाताने घासून देणारा हा माणूस.

“साहेब, भाऊंना बोलू नका. माझी एक फेरी बघा.”

“मावशी, आत्ता नको.”

“आत्ताच बघा.”

ती उठली. सहा महिन्यांत पहिल्यांदाच तिने कंबर सैल सोडली आणि पाय जसा पडेल तसा पडू दिला. साहेबांनी हातातला बूट पाहिला, मग तिचा पाय पाहिला.

“कधीपासून?”

“सहा महिने झाले.”

“आणि बोलला नाहीत?”

“दुसरं काय येतं मला, साहेब?”

साहेबांनी हातातला बूट ढिगावर परत ठेवला. “हे काम आता तुम्हाला देता येणार नाही, मावशी.”

“माहीत आहे. किल्ल्या तेवढ्या भाऊंकडेच राहू द्या.”

साहेबांनी होकारार्थी मान हलवली.

भाऊ तिच्यापुढे उकिडवे बसले आणि तिच्या बुटांचे पट्टे सोडू लागले. “मला तरी सांगायचंत.”

“तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हीही गप्प बसला असतात.”

मावशीने आपल्या साध्या चपला घातल्या आणि भिंतीचा आधार घेत दाराकडे निघाली.

यंत्र मध्येच थांबवलं की छापत असलेला बूट वाया जातो. भाऊंनी सहाही यंत्रं थांबवली. साहेबांनी पाहिलं, पण त्यांना अडवलं नाही. मावशी दाराशी पोचेपर्यंत दालनात फक्त तिच्या चपलांचा आवाज होता, एक नीट पडणारी आणि एक फरफटणारी.