आरशात न दिसलेलं हसू

माझ्या बहिणीला, फख्रीला, मी अख्ख्या आयुष्यात एकदाही धड हसताना पाहिलेलं नाही. हसू आलं रे आलं की हिचा हात तोंडावर. कारण काय, तर हसली की वरचा ओठ नाकाला जाऊन भिडतो आणि हिरड्या दिसतात. दिसल्या तर दिसल्या! हिरड्याच त्या, चोरीचा माल नव्हे. पण नाही. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा बाई दाढ दुखत असल्यासारखी तोंडावर हात ठेवून बसलीय.

आणि खुदाची करणी बघा, तिची मुलगी परंद हुबेहूब तशीच निघाली. नाक बापाचं, लांब आणि मधे उंचवटा असलेलं, आणि हसू आईचं. फरक एवढाच की परंदला त्याची काडीची लाज नव्हती. ती हिरड्यांसकट हसायची, आणि समोरचा माणूस कशाला हसायचं हे कळायच्या आत हसायला लागायचा.

बेहरादचं तसंच झालं. घरची मंडळी घेऊन तो मागणी घालायला आला, तेव्हा परंद चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. गालिच्याच्या काठात पाय अडकला आणि एक पेला थेट त्याच्या बापाच्या मांडीवर. म्हातारा "या खुदा!" करून उडाला. आमच्या तोंडचं पाणी पळालं. आणि ही बया हसत सुटली! फख्री डोळे वटारून खुणा करतेय, तोंड झाक, तोंड झाक. पण ऐकतंय कोण? जाताना बेहराद दारात मला, परंदच्या मावशीला, म्हणाला, "खाला, हे हसणं रोज घरात असणार असेल, तर बाकी तुम्ही म्हणाल ते कबूल." त्याच्या आईनं, मनीजे खानुमनं, त्याला कोपरानं ढोसलं. असं लगेच कबूल करायचं नसतं म्हणून.

मग पोरगा सक्तीच्या लष्करी नोकरीवर सीमेवर गेला. तिथं चौकीवर मोबाइल बाळगायची बंदी. शुक्रवारी रांगेत उभं राहून फोनवर दोन शब्द बोलायचे, तेवढंच.

इकडे फख्रीनं परंदच्या नाकाच्या ऑपरेशनचा धोशा लावला. "अख्ख्या शिराझमध्ये न कापलेलं नाक शोधून दाखव मला!" तेही खोटं नाही म्हणा. आमच्या इमारतीचा जिना चढताना नाकावर पट्टीवाली एक तरी भेटतेच, आणि बरी झाली तरी मिरवायला म्हणून पट्टी काढायचं नाव घेत नाही. परंदलाही नाक बदलायचं होतं. "खाला, फोटोत आधी नाक येतं, मागून मी येते," म्हणायची. तिचा बाप, अता, एवढंच बोलला, "माझ्याकडून तुला तेवढं एक मिळालं होतं, तेही नको झालं?" आणि मग तोच तिला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेला. असा आहे तो.

मनीजे खानुमला कळलं तर ती खूश. म्हणाली, "मुलाला मुळीच सांगू नका. लग्नाच्या आरशातच बघू दे."

पट्टी निघाली त्या दिवशी मी गेले. नाक सुरेख झालं होतं, उगाच खोटं का बोला? मी तिला खालच्या मजल्यावरच्या हाजी आगाची गंमत सांगितली, की मेव्हणीच्या नाकाला पट्टी बघून, अपघात झाला असं समजून, बिचारा सांत्वनाला गेला होता. परंद हसली. म्हणजे आवाज आला, गाल वर गेले, डोळे बारीक झाले. पण वरचा ओठ होता तिथंच पडून राहिला. जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

"का गं, हसत का नाहीस?"

"हसतेय की, खाला! दिसत नाही?"

ती उठून आरशापाशी गेली. बराच वेळ तिथंच उभी राहिली. परत आली तेव्हा म्हणाली, "सूज आहे. मामान म्हणते, उतरेल."

मी तिच्या मामानला, फख्रीला, स्वयंपाकघरात गाठलं. "अगं, पोरीचा ओठ हलत नाही."

"सूज आहे," ती तांदूळ निवडत म्हणाली. "तुझी वाकडी नजर पुरे आता."

सूज उतरली. नाक आणखी रेखीव झालं. ओठ मात्र हलला नाही. परंद जिभेनं तो आतून ढकलायची, बोटानं चोळायची. चहा पिताना कडेनं एखादा थेंब ओघळायचा आणि ती गुपचूप पुसायची. "बेहरादसमोर हसेन ना, तेव्हा येईल आपोआप," ती मला म्हणाली. तिचं सगळं त्या एका हसण्यावर टेकलेलं होतं, हे मला ठाऊक होतं, तिलाही होतं.

लग्नाच्या दिवशी बेहराद सकाळच्या बसनं उतरला. उन्हानं काळा पडलेला, डोक्यावर केसांचे नुसते खुंट. नवऱ्यानं नवरीला आधी आरशातच बघायचं, म्हणून दोघांना आरशासमोर बसवलं, दोन्ही बाजूंना मेणबत्त्या. डोक्यावर पांढरं कापड धरलं, आणि त्यावर शकुनाच्या साखरेचे दोन सुळके घासायला मी. सुखानं संसार केलेली बाई लागते ना, म्हणून. तेव्हा आरसा अगदी माझ्यासमोर होता. जे त्याला दिसलं, ते मलाही दिसलं.

परंदच्या तोंडावरची जाळी वर झाली. बेहराद आधीच हसत होता बिचारा. आरशात परंदही हसली. हसली हे मला कळलं, कारण मी तिला अंगाखांद्यावर वाढवलंय. पण आरशात काय होतं? नवं नाक, भरून आलेले डोळे आणि खाली सरळ, घट्ट मिटल्यासारखा ओठ. पोराचं हसू माझ्या डोळ्यांदेखत मावळलं.

निकाह लावणाऱ्या आगांनी पहिल्यांदा विचारलं, "वधूची संमती आहे?"

"नवरी फुलं वेचायला गेलीय!" बायका ओरडल्या.

परंद रिवाजाप्रमाणे गप्प, हो म्हणायचं ते तिसऱ्यांदा विचारल्यावर. बेहराद आरशात टक लावून. आगांनी दुसऱ्यांदा विचारलं.

"नवरी गुलाबपाणी आणायला गेलीय!"

आणि बेहराद उठून उभा राहिला.

"आगा, थांबवा हे. हिच्या मनात नाहीये."

माझ्या हातातली साखर हातातच राहिली. जन्मात इतकी लग्नं पाहिली, पण नवरा मधेच उठलेला पाहिला नव्हता.

"परंद, तुला कुणी जबरदस्ती केलीय का? खरं सांग. मी निघून जाईन. तुला बोल लागू देणार नाही."

"डोकं फिरलं का रे तुझं?" मनीजे खानुम किंचाळली. "ऊन लागलंय याला, ऊन!"

आगांनी चष्मा काढला. "मुलीची मर्जी नसेल तर मी पुढचा शब्द उच्चारणार नाही."

"मी हसतेय," परंद म्हणाली. "तू बसल्यापासून मी हसतेय."

"कुठं?" बेहरादनं विचारलं.

त्यात कुत्सितपणा नव्हता हो. त्याला खरंच दिसत नव्हतं. पण परंदचा चेहरा असा झाला की मला बघवेना.

"अरे, तिनं नाक करून घेतलंय!" मनीजे खानुम मधे पडली. "सूज असते ओठावर."

"सूज कधीच उतरली," परंद म्हणाली.

"मग हलत का नाही ओठ?"

"हलणारच नाही तो!" हे फख्री बोलली. भिंतीपाशी उभी होती, पांढरीफटक. "मी सांगितलं होतं डॉक्टरला. नाकाखालचा तो स्नायू, ओठाला धरून असतो तो, तोही कापा म्हटलं. नाक उघडताच आहात तर हिरड्यांचंही बघून टाका. ओठ थोडा खाली बसेल, म्हणाले होते ते. एवढा बसेल असं कुणाला ठाऊक होतं? लोकांनी हिच्याकडे बघून तोंड फिरवू नये म्हणून केलं गं! मी जन्मभर काय सोसलंय ते मला माहीत!"

मला माझ्या सख्ख्या बहिणीची भीती वाटली, स्पष्टच सांगते. दारापाशी उभा असलेला परंदचा बाप, अता, मटकन खुर्चीत बसला.

"मला न विचारता?" परंदनं विचारलं.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

परंद आईकडे बघत राहिली. मग तिनं मान वळवली, आरशाकडे. मला वाटलं आता ही उठते, जाते. पण तिनं मेंदी लावलेली दोन बोटं वरच्या ओठाखाली घातली आणि ओठ वर उचलून धरला. पार नाकापर्यंत. गुलाबी हिरड्या, दात, सगळं आरशात दिसलं. डोळ्यांतलं पाणी बोटांवरून ओघळत होतं आणि ती तशीच बेहरादकडे बघत होती.

मागं कुणीतरी बाई हमसून रडली. आगांनी नजर खाली वळवली.

बेहराद खाली बसला. आरशातल्या तिला म्हणाला, "हां. हीच ती. पेला सांडणारी."

परंदनं हळूच बोटं काढली. ओठ परत खाली बसला.

"खाला, साखर," ती म्हणाली. मी घासायला लागले. घाईघाईत निम्मी साखर माझ्याच पायावर.

आगांनी चष्मा घातला, घसा खाकरला आणि तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी बायका गप्प. आमच्याकडे मुलगी कसं म्हणते, ते सगळ्यांना पाठ असतं: बाबांच्या आणि मामानच्या परवानगीनं, हो. फख्री दोन पावलं पुढं आली होती. आपलं नाव ऐकायला.

"बाबांच्या परवानगीनं," परंद म्हणाली, आणि थांबली.

आम्ही सगळे थांबलो.

"हो," ती म्हणाली.

बायकांनी टाळ्या वाजवल्या, नकुल, म्हणजे साखरेत घोळलेले बदाम, उधळले, मेणबत्त्या थरथरल्या. मी फख्रीकडे पाहिलं. नेहमीसारखा तिचा हात तोंडावर होता, पण ती हसत नव्हती.