दोरी कापलेली किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी किल्ली आहे. रॉकेट उडवायच्या डब्याची. मी डब्यात असले तरच बटणातून तारेत वीज जाते आणि कागदी रॉकेट पेट घेतं. मला घडवणाऱ्या एमिल आजोबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "जो रॉकेटपाशी जाईल, किल्ली त्याच्या हातात. ही दोरी कधी सोडू नका." मी मनात हसले होते. म्हातारी माणसं उगीच घाबरतात, असं मला वाटलं होतं.

ती दोरी म्हणजे आजोबांची युक्ती. रॉकेट ज्या लोखंडी गजावर उभं करतात, त्याचं टोक वाकणाऱ्या मुलाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून त्यावर पिवळी टोपी घालायची. ती टोपी त्यांनी माझ्याच दोरीला बांधली होती. गजाजवळ जायचं तर टोपी हवी, आणि टोपी हवी तर मला डब्यातून काढायलाच हवं. एकोणीस वर्षं अमेरिकेतल्या नेब्रास्कात, जत्रेच्या मैदानावर एकाही मुलाला साधा चटका बसला नाही. त्याबद्दल माझं कौतुक कुणी केलं नाही. केलं ते उंच गेलेल्या रॉकेटांचं.

आजोबा मागच्या थंडीत वारले. मे महिन्यात मुलांच्या रॉकेट क्लबचे नवे प्रमुख गॅरेट यांनी खिशातला चाकू काढला. "दरवेळी ही शेपटी कुठे ओढत बसायची? वारा सुटायच्या आत चाळीस रॉकेटं उडवायचीत!" मुलं हसली. दोरी तुटली. खोटं कशाला बोलू, मलाही मोकळं वाटलं.

त्या दिवशी मार्लिसचा नंबर तेविसावा. अकरा वर्षांची मुलगी, आईच्या नखांच्या रंगाने रॉकेट लाल केलेलं. सगळ्यांनी पाचपासून उलटे आकडे म्हटले. तिने बटण दाबलं. काही नाही.

"तुझं रॉकेट झोपलंय गं!" कोणीतरी ओरडलं.

अशा वेळी किल्ली काढून पूर्ण एक मिनिट थांबायचं असतं. गॅरेट म्हणाले, "तारेचा चिमटा निसटला असेल. पळ, लाव जा. चल, लवकर!"

ती पळाली. मी डब्यातच होते.

ती वाकून चिमटा लावत होती. इकडे गॅरेट पुटपुटले, "बटणच अडकलंय की काय?" आणि त्यांनी ते दाबलं.

मला ओरडता येत नाही, मित्रांनो. वीज माझ्यातूनच गेली.

तिचा उजवा तळवा भाजला. डोळा बोटभर अंतराने वाचला. आई धावत आली, तेव्हा गॅरेट काय म्हणाले ठाऊक आहे? "बाई, पोरीला जरा शिस्त लावा. न विचारता धावत सुटली." चाळीस मुलांनी आणि त्यांच्या आईबापांनी खरं काय ते ऐकलं होतं. सगळे कोबी-खिम्याचे पाव हातात धरून जमिनीकडे बघत राहिले. एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही! मुलांना सुरक्षेचे नियम घोकायला लावणारी हीच मोठी माणसं!

आता क्लबने नवा डबा घेतलाय. मी क्लबच्या खोलीत खिळ्याला टांगलेली आहे, कापलेल्या दोरीसकट. परवा मार्लिसची आई मुलीची राहिलेली पिशवी न्यायला आली. गॅरेटनी विचारलं, "हात बरा आहे ना?"

"हात भरतोय," ती म्हणाली. "पण ती शेगडीजवळसुद्धा जात नाही. रोज म्हणते, आई, मीच आगाऊपणा केला. कोणी सांगितलं नव्हतं मला."

गॅरेटनी पिशवी तिच्या हातात दिली.

मित्रांनो, मला गंजू द्या, माझं काही नाही. पण तुमच्या क्लबात, तुमच्या वर्गात एखादी मुलगी अचानक यायची थांबली असेल, तर आज तिच्या घरी जा. तिचा हात कसा आहे ते विचारा. आणि त्या दिवशी तुम्ही जे ऐकलं होतं, ते तिला तोंडावर सांगा: "तुला पाठवलं होतं. आम्ही ऐकलं होतं."