विहिरीचं पुस्तक

"येवढीशी पोट्टी अन् येवढाली पुस्तकं! तवाच म्या म्हनलं व्हतं, घरात साप पाळा, पन ह्या बाईचं पुस्तक आनू नोका."

तानाबाई हे स्वतःशीच पुटपुटत होती; पण बसली होती सुचिताच्या पाठीला पाठ लावून, त्यामुळे शब्द न् शब्द नेमका कानात पडत होता. सुचिताने मान वळवली नाही. मांडीवरच्या पुस्तकाची पाठ उसवली होती, तिला ती मैद्याची खळ लावत होती. खळीचं कसं असतं, वाळायच्या आत बोट फिरवून घ्यावं लागतं. लोक काय बोलतात ते ऐकत बसलं की गोळे धरतात.

ओसरी भरून गेली होती. बारा वर्षांत इथे इतकी मोठी माणसं कधी आली नव्हती. पुस्तकं न्यायला यायची ती पोरं. आज पुस्तकं बंद करायला त्यांचे आयबाप आले होते.

पुस्तकं तरी किती? एक लाकडी कपाट, उधईच्या, म्हणजे वाळवीच्या भीतीने दोन काळ्या दगडांवर चढवलेलं. आत मलकापूरच्या रद्दीवाल्याकडून किलोवर आणलेला माल. भुयारं, चोरवाटा, हरवलेल्या भावाला शोधायला निघालेल्या बहिणी, वाड्यात कोंडलेली पोरं. सुचिता सातवीत शाळेतून घरी बसली, ती पुढचं सगळं ह्या कपाटात शिकली. कोणतं पुस्तक कोणत्या पोराला द्यायचं हे ती त्या पोराच्या डोळ्यांकडे पाहून ठरवायची. छकुलीला विहिरीचं पुस्तक तिनेच दिलं होतं.

आणि सोमवारी छकुली शाळेमागच्या जुन्या विहिरीत पडली. छकुली म्हणजे तानाबाईची नात, गोविंदाची थोरली, अकरा वर्षांची. नशीब की पाणी गळ्याइतकंच होतं आणि बंद पडलेल्या मोटारीचा पाईप हाताशी होता. शेजारचा ज्ञानेश्वर दोर धरून उतरला तोवर अर्धा तास ती एका हाताने पाईप धरून उभी राहिली. दुसरा हात मोडला होता. वर चपलेशेजारी पुस्तक पालथं पडलेलं. झालं! गुन्हेगार जागेवरच सापडला.

"सुचिताबाई," इंद्रभानभाऊंनी घसा साफ केला. शाळा समितीपासून सप्त्यापर्यंत गावात त्यांचाच शब्द चालायचा. "आमी तुमच्या इरोधात नाई. पन लेकरायच्या डोक्शात हे चोर, हे भुयारं… चांगलं हाय का?"

"भाऊ, तुम्ही वाचलं का ते पुस्तक?"

"वाचाचं काय त्याच्यात? कव्हरावरच पोट्टी इहिरीत लोंबकळून राह्यली."

"चोर शेवटी पकडल्या जाते त्याच्यात," सुचिता म्हणाली. "तेवढं तरी वाचाले पाह्यजे व्हतं."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकलं. इंद्रभानभाऊंनी तिकडे दुर्लक्ष केलं. त्यांनी छकुलीला पुढे बोलावलं. पांढरंशुभ्र प्लास्टर गळ्यात बांधून ती आजीजवळून उठली.

"सांग बाई. काऊन गेली व्हती तू इहिरीवर? पुस्तकात लिवलं म्हनून ना?"

"हाव," छकुली म्हणाली.

"पाहा! पाहा!" तानाबाईने दोन्ही हात वर केले.

"त्याच्यातली तारा इहिरीत खडा टाकते अन् आवाज येईलोक आकडे मोजते. मंग तिले समजते, पानी किती खाली हाय ते." छकुली शाळेत उत्तर द्यावं तसं बोलत होती. "पन तिच्या इहिरीले कठडा व्हता. ते कठड्यावर पोट टेकवते. आपल्याले कठडाच नाई, म्हनून मी जमिनीवर पालथी पडली. तीन आकडे झाले, अन् मातीच सरकली."

इंद्रभानभाऊंनी घड्याळ पाहिलं. गोविंदा दुपट्ट्याच्या टोकातला एक धागा ओढत राहिला. आपल्या पोरीकडे सोडून तो सगळीकडे पाहत होता.

सुचिताने खळीचा वाडगा खाली ठेवला. कठडा नव्हता? चांगला कमरेइतका होता! ती ह्या गावात सून म्हणून आली तेव्हा त्यावर घागर टेकवून बाया दिवसभराच्या गोष्टी सांगायच्या. काळ्या दगडाचा, एकेक चिरा आतून बाकदार घडवलेला, पाथरवटाच्या टाकीचे घाव मोजून घ्यावेत असे. मग नळ आले. विहीर कोणाचीच राहिली नाही. पहिला दगड पावसाने निखळला, दुसरा कोणाच्या तरी बैलगाडीने गेला. इंद्रभानभाऊंच्या गोठ्यातल्या गव्हाणीला दगड कुठले आहेत? तानाबाई धुणं कशावर आपटते? गोविंदाच्या दाराची पायरी? मारुतीच्या पारालासुद्धा चार लागलेत. चोरी कोणी केली नाही. नेले मात्र सगळ्यांनी.

आणि पकडलं कोणाला? तर आठ आण्याच्या कागदाला! सगळं तिच्या जिभेवर आलं होतं. गोठ्यापासून सुरू करायचं, पारावर संपवायचं.

"कठड्याचं पाहू मंग," इंद्रभानभाऊ म्हणाले. "ग्रामसभेत घेऊ. पहिले हे कपाट उचला बे. शाळेच्या खोलीत टाका अन् कुलूप लावा."

गोविंदा आणि आणखी तिघे पुढे झाले. कपाट कललं. आतली पुस्तकं एका बाजूला धडधड घसरली, जशी एसटी वळणावर गेली की माणसं घसरतात. कपाट हातभर सरकलं आणि चौघेही थांबले.

खाली दोन काळे दगड होते. बाकदार. टाकीचे घाव अजून जसेच्या तसे.

सुचिताचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं. बारा वर्षं ती त्यांच्यापुढे रोज केर काढत होती. दोन संध्याकाळी, डोक्यावर चुंबळ ठेवून तिनेच ते विहिरीवरून आणले होते. एकेक दगड उचलून डोक्यावर द्यायला तानाबाईनेच हात लावला होता.

सगळ्यांनी पाहिलं. गोविंदा आढ्याकडे बघू लागला.

"राहू द्या," इंद्रभानभाऊ एकदम मऊ आवाजात म्हणाले. "राहू द्या कपाट इथंच. पोट्टी वाचली ना? झालं तं मंग. चला, चहा ठेवा सुचिताबाई."

लोक उठायला लागले. कोणी तिच्याकडे रागाने पाहिलं नाही. उलट प्रेमानेच पाहिलं, आपल्यातल्याकडे पाहावं तसं. पुस्तकं राहणार होती. फक्त चहा ठेवायचा होता.

छकुली मात्र दगडापाशी उकिडवी बसली होती. चांगल्या हाताचं बोट ती त्याच्या वळणावरून फिरवत होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग तिथून पुढे हवेतच, गोल. गोल पुरा व्हायच्या आत तिने वर पाहिलं.

सुचिताने पदराला हात पुसले.

"हाव, छकुले. कठड्याचेच हायेत. हे दोन म्या आनले," ती म्हणाली. ओसरीच्या पायरीवरचे पाय थांबले. "पुस्तकानं नाई पाडलं तुले, माय. आमी सगळ्यायनं पाडलं."