खाली घातलेली मान

रफूगाराच्या सूफी सिलसिल्यात, म्हणजे गुरुपरंपरेत, मोठ्याने जप चालत नाही. का, तर त्यांचा पहिला पीर अल्लाचं नाव गर्जत बाजारातून फिरायचा, आणि एका बाईने त्याला खिडकीतून झापलं, "बाबा, तापानं फणफणलेल्या लेकराचा आत्ता कुठं डोळा लागलाय! तुझा अल्ला काय बहिरा आहे?" पीर जागच्या जागी खजील झाला. तेव्हापासून श्वासागणिक नाव मनात, हात कामात. आणि मान खाली घालून स्मरणात बसलेल्याला हाक मारायची नाही, घर पेटलं तरी.

आताचा पीर हा रफूगारच. त्याच्या मुलीला हा नियम बाळकडूसारखा मिळालेला. सकाळी मात्र तिचा तोल सुटला. उद्या ती नोकरीसाठी परगावी निघणार, आणि बाप नेहमीसारखा मुका.

"सगळं मनातल्या मनात! 'जाऊ नकोस' एवढं तरी कधी म्हणालात का, अब्बा?"

तो तिच्या कोटाची फाटकी बाही घेऊन दुकानामागच्या खोलीत जाऊन बसला.

दुपारी ती माफी मागायला गेली. कोट मांडीवर, मान छातीवर. स्मरणात आहेत, म्हणून ती दाराशी टेकली. बापाचा जुना शिष्य, सुतार, आला आणि तोही बसला. खोकला आला की तो तोंडात मूठ कोंबायचा, डोळे बाहेर यायचे, पण आवाज म्हणून नाही. एरवी तिला हसू आवरलं नसतं. तिने मनात वाक्य जुळवलं: चुकलं माझं, अब्बा. चहा आणला, तो निवला.

तेवढ्यात बापाच्या घशातून बारीक घरघर आली. तिने सुताराकडे पाहिलं. त्याने ओठांवर बोट ठेवलं. मग घरघर थांबली आणि तिला बरंच वाटलं. आता ध्यान गाढ लागलं.

ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा कोट घसरला. तो उचलताना तिचा हात बापाच्या हाताला लागला. हात गार पडला होता. बाही कुठे फाटली होती ते शोधूनही सापडेना. फक्त शेवटच्या टाक्यात सुई तशीच होती.

घरघर आली तेव्हाच हाक मारली असती तर? तरी जन्माची सवय, ती नुसती पुटपुटली, "अब्बा."

सुतार भिंतीला धरून उठला. रडत होता.

"मोठ्यानं मार, पोरी," तो म्हणाला. "मोठ्यानं."

तिने हाक मारली. गल्लीतली माणसं धावत आली. त्या घरातून आवाज येतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं.